दुसरा टप्पा आणि मांडवाची दिशा

तोफखान्यात वीस वर्षांहून जास्त काळ काढलेल्या माणसाने पुठ्ठ्याच्या रॉकेटवर लेख लिहावा, याचं काही वाचकांना हसू येईल. येऊ दे. माझ्या हुकमावर आजवर हजारो गोळे डागले गेले असतील. देवदयेने त्यातला एकही नको तिथे पडला नाही. नको तिथे गेली ती एकच वस्तू. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, अंगाने पुठ्ठ्याची, आणि ती उडवायची परवानगी मीच दिली होती.

तेव्हा माझं युनिट सुरतगडला होतं. राजस्थानच्या श्रीगंगानगर जिल्ह्यातली ही छावणी. कालव्याचं पाणी पोहोचतं तिथे मोहरी आणि किन्नूच्या बागा, नाही पोहोचत तिथे वाळू. जवानांची मुलं ज्या शाळेत जात, तिथल्या विज्ञानाच्या बाईंनी रॉकेट क्लब काढला होता, आणि 'तोफखान्याचे आहेत' एवढ्या एका पात्रतेवर मला त्याचा मार्गदर्शक केलं होतं. मोटर, म्हणजे रॉकेटची दारूची नळकांडी, परवानाधारकाकडून रीतसर मागवलेल्या. त्यांच्या कागदपत्रांचा गठ्ठा रॉकेटपेक्षा जड होता.

पहिलं वर्ष आम्ही एका टप्प्याची रॉकेटं उडवली. ती छान उडायची, छत्री उघडून खाली यायची, मुलं धावत जाऊन उचलून आणायची. मग व्हायचं तेच झालं. मुलांना आणखी उंची हवी झाली. आणखी मोठी मोटर हा एक मार्ग होता, पण आमच्या परवानगीत ती बसत नव्हती. दुसरा मार्ग म्हणजे असलेल्याच रॉकेटला खालून आणखी एक टप्पा जोडायचा.

हे कसं करतात ते थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यातच आहे.

या छोट्या मोटरवर 'सी६-५' असं काहीतरी छापलेलं असतं. अक्षर म्हणजे एकूण जोर. 'ए'पेक्षा 'बी'चा दुप्पट, 'बी'पेक्षा 'सी'चा दुप्पट. मधला आकडा म्हणजे सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. शेवटचा आकडा म्हणजे इंधन संपल्यावर किती सेकंदांनी आतली छोटी दारू उडून छत्री बाहेर फेकायची. सी६-५ मध्ये इंधन संपतं, पाच सेकंद रॉकेट वेगाच्या जोरावर वर जात राहतं, मग 'फट्' आणि छत्री.

दोन टप्प्यांसाठी खालची मोटर 'सी६-०' लागते. शेवटी शून्य. म्हणजे थांबा नाही, छत्रीची दारूही नाही. इंधन वरच्या टोकापर्यंत जळत जातं आणि शेवटचा पातळ थर फुटला की जळते कण आणि गरम वायू थेट वर उसळतात. त्याच जागी वरच्या मोटरचं तोंड टेकलेलं असेल, तर ती पेट घेते. वायर नाही, बॅटरी नाही. दिवाळीत एका फटाक्यावरून दुसरा पेटवावा तसं. दोन्ही मोटर एकमेकींना चिकटपट्टीच्या एका वेढ्याने बांधतात. वरची पेटली की तो वेढा तुटतो. जोड फार ढिला असेल तर वायूच्या दाबाने दोन्ही टप्पे पेटण्याआधीच सुटतात आणि वरचं रॉकेट न पेटता दगडासारखं खाली येतं. फार घट्ट असेल तर सुटतच नाहीत, आणि वरची मोटर खालच्या टप्प्याचं अंग जाळते.

पुढचं काम तोल साधायचं. रॉकेट सरळ जायचं तर त्याचा गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या मध्याच्या पुढे हवा; किमान नळीच्या एका व्यासाइतका. खाली एक आख्खी मोटर वाढली की गुरुत्वमध्य मागे सरकतो. म्हणून खालच्या टप्प्याला मोठे पंख द्यावे लागतात, म्हणजे दाबाचा मध्यही मागे जातो. शिवाय हे दोनदा तपासावं लागतं. जोडलेलं रॉकेट सरळ जायला हवं, आणि सुटल्यावर उरलेलं वरचं रॉकेट एकटंही सरळ जायला हवं. आम्ही जुनी सोपी चाचणी केली. गुरुत्वमध्यावर दोरी बांधून रॉकेट डोक्याभोवती गरगर फिरवायचं. नाक पुढे ठेवून फिरलं तर पास.

हे सगळं मुलांनी केलं. त्यातही नववीतली एक मुलगी. आमच्याच युनिटच्या एका हवालदाराची. वही घेऊन बसायची आणि प्रत्येक वजन दोनदा करायची. दुसऱ्यांदा आकडा वेगळा आला तर तिसऱ्यांदा. बोलायची कमी.

२७ फेब्रुवारीच्या पहाटे साडेसहाला आम्ही चाचणी घेतली. वारा नव्हता. वरच्या टप्प्यात छोटी ए८-५ मोटर. खालचा टप्पा सुटून गटांगळ्या खात पडला, वरचा एकदम ठिपका झाला. मुलांनी जो काय आरडाओरडा केला, तो माझ्या बायकोला घरी ऐकू आला म्हणे.

दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय विज्ञान दिन. प्रमुख पाहुणे सकाळी आठला येणार होते. ते साडेदहाला आले. राजस्थानात फेब्रुवारीच्या अखेरीस सकाळ शांत असते, पण ऊन चढलं की वारा उठतो. साडेदहाला मांडवाची झालर फडफडत होती. मी स्वतः वारा मोजला. ताशी वीस किलोमीटरच्या आसपास, अधूनमधून झोत. छोट्या रॉकेटांच्या सुरक्षा नियमांत मर्यादा ताशी ३२ किलोमीटरची. म्हणजे नियमात बसत होतं. आणि पाहुण्यांसाठी म्हणून वरच्या टप्प्यात ए८-५ काढून सी६-७ बसवली होती. कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. मलाच वाटलं, एवढे लोक आलेत, जरा दिसू दे.

बटण द्यायच्या आधी ती मुलगी माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "सर, रॉकेट वाऱ्याकडे वळेल. वाऱ्याच्या बाजूला मांडव आहे."

मी तिच्याकडे न बघता म्हणालो, "बेटा, कालच उडवलंय ना आपण? रॉड थोडा तिरका केलाय, काही होत नाही."

ती मागे सरकली. कर्नलसमोर हवालदाराची मुलगी आणखी काय करणार?

रॉकेट रॉडवरून सुटलं आणि एक झोत आला. माझ्या डोळ्यांसमोर त्याने नाक वाऱ्याकडे वळवलं, आणखी वळवलं, आणि खालचा टप्पा सुटला तेव्हा ते जमिनीशी दहा-पंधरा अंशांच्या कोनात होतं. तिथे दुसरी मोटर पेटली. ती अगदी बिनचूक पेटली. मांडवावरून आडवं सणसणत गेलं आणि तीनएकशे मीटरवर, जिथे शाळेच्या बसेस उभ्या होत्या, तिथे वाळूत घुसलं. घुसल्यावर दोन-तीन सेकंदांनी 'फट्' झालं. छत्री फेकायची वेळ तेव्हा झाली होती. एक ड्रायव्हर तिथून पाच-सहा पावलांवर चहा पीत बसला होता.

मांडवात टाळ्या पडल्या. पाहुण्यांना वाटलं, असंच जायचं असतं. ड्रायव्हरने ते मोडकं रॉकेट टॉवेलात गुंडाळून आणून दिलं आणि म्हणाला, "साहेब, तुमचं सामान." दुसऱ्या दिवशीच्या अहवालात शाळेने 'यशस्वी प्रात्यक्षिक' असं लिहिलं. माझी आजी असती तर 'देव तारी त्याला कोण मारी' म्हणाली असती. पण देवाने तारलं म्हणून आपण सुटलो, असं गनर म्हणू लागला तर त्याने तोफेपासून लांब राहावं.

त्या रात्री मी तिची वही मागवून घेतली आणि बसलो. चूक कुठे झाली?

मांडव वाऱ्याच्या बाजूला का होता, तर आम्हीच तो तसा बांधून घेतला होता. पहिल्या वर्षापासून. धूर आणि धूळ पाहुण्यांवर येऊ नये, आणि छत्रीवर तरंगणारं रॉकेट वाऱ्याबरोबर पाहुण्यांपासून लांब जावं. एका टप्प्याच्या रॉकेटसाठी हे अगदी बरोबर होतं. ते थोडं वाऱ्याकडे झुकलं तरी दीड-दोन सेकंदांत इंधन संपतं, मग छत्री, मग वारा त्याला परत घेऊन जातो.

दोन टप्प्यांचं रॉकेट जास्त जड. त्यामुळे मीटरभराच्या रॉडवरून सुटताना त्याचा वेग कमी. वेग कमी, म्हणजे तोच वारा त्याला जास्त तिरका लागतो. त्यात आम्ही तोल साधण्यासाठी मागे मोठे पंख दिलेले. पंख मोठे, म्हणजे देवळाच्या शिखरावरचा ध्वज जसा झोताबरोबर फिरतो तशी शेपटी वाऱ्यापुढे फिरते आणि नाक वाऱ्याकडे येतं. वरची मोटर ए वरून सी केली तेव्हा आणखी सात-आठ ग्रॅम वाढले. आणि सगळ्यात वाईट, रॉकेट पुरतं झुकलेलं असताना, दुसरी मोटर त्याला नव्याने ढकलते. ती वर बघत नाही. जिकडे तोंड असेल तिकडे ढकलते. मोठ्या, महागड्या रॉकेटांत रॉकेट फार कललं असेल तर दुसरा टप्पा पेटूच न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवता येते. आमच्या पुठ्ठ्याच्या रॉकेटात विचार करणारा एकच भाग होता, तो म्हणजे बटण देणारा माणूस.

एका टप्प्यासाठी बरोबर असलेलं प्रत्येक उत्तर दुसरा टप्पा जोडताच पुन्हा तपासायला हवं होतं. वाऱ्याची मर्यादा, मांडवाची जागा, बसेसचं अंतर, सगळंच. आम्ही मात्र जुनी उत्तरं तशीच ठेवली आणि त्यांच्यावर एक मोटर चढवली. मी तर आदल्या दिवशीचं उत्तरही दुसऱ्या दिवशी वापरलं, वेगळ्या वाऱ्यात, वेगळ्या मोटरला.

ही चूक फक्त छावणीतल्या शाळेत होते असं नाही. आपल्या देशाचं एसएलव्ही-३ रॉकेट १९७९ च्या अपयशानंतर १८ जुलै १९८० रोजी यशस्वी झालं. त्यानंतरच्या एएसएलव्हीमध्ये, जास्त वजन नेता यावं म्हणून, एसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यासारख्याच दोन मोटर दोन्ही बाजूंना जोडल्या. मधली मोटर ओळखीचीच होती. फरक एवढाच, की पूर्वी ती जमिनीवर पेटायची, आता बाजूच्या मोटर जळून गेल्यावर हवेत पेटायची होती. २४ मार्च १९८७ रोजी ती पेटलीच नाही. १३ जुलै १९८८ च्या दुसऱ्या उड्डाणात ती पेटली, पण एका टप्प्याकडून दुसऱ्याकडे जाण्याच्या त्या नाजूक क्षणी वाहनावरचा ताबा सुटला आणि ते तुटलं. त्या लोकांनी मग जवळजवळ चार वर्षं तोच एक क्षण तपासला, आणि २० मे १९९२ रोजी तिसरं उड्डाण यशस्वी केलं. ते देशातले उत्तमोत्तम अभियंते होते. ओळखीची वस्तू नव्या जागी ठेवली की ती नवीच वस्तू होते, हे त्यांनाही किंमत मोजून शिकावं लागलं. मग मी कोण?

आता माझं मत. घटना कळल्यावर दोन सूचना आल्या. पहिली, विषय वाढवू नका, कोणाला लागलं नाही ना? दुसरी, क्लब बंद करा. दोन्ही मला मान्य नव्हत्या आणि आजही नाहीत.

क्लब बंद करून काय होतं ते मी लहानपणी साताऱ्यात पाहिलंय. आगपेटीच्या काड्यांचं डोकं खरवडून, सायकलच्या पंपाची नळी कापून आम्ही 'रॉकेट' करायचो. आमच्या आळीतल्या एका मुलाची दोन बोटं त्यात गेली. आकाशात काही उडवावं असं मुलांना वाटणं बंद होत नाही. फक्त ते मोठ्यांच्या नजरेआड जातं. घरी दारू मिसळणं धोक्याचं आहे आणि गुन्हाही आहे. १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे स्फोटक नियम आहेत, आणि ते असायलाच हवेत. पण त्या नियमांत राहून, कारखान्यात तयार झालेल्या प्रमाणित छोट्या मोटर प्रशिक्षित शिक्षकांच्या हाती सहज पोहोचतील अशी वाट शाळांना मिळायला हवी. आमच्या वाटेला कर्नल होता म्हणून कागद हलले. ज्या शाळेकडे कर्नल नाही तिने काय करायचं?

तोपर्यंत पाण्याचं रॉकेट करा, असं मी प्रत्येक शिक्षकाला सांगतो. प्लास्टिकची बाटली, सायकलचा पंप, थोडं पाणी. त्यातही वारा असतो, तोल असतो, आणि मांडव कुठे बांधायचा हा प्रश्नही असतो.

आणि विषय वाढवायचाच. मी पुढच्या सोमवारी शाळेच्या प्रार्थनेत उभं राहून झालेलं सगळं सांगितलं. अहवालात दुरुस्ती करायला लावली. त्या मुलीचं नाव घेऊन सांगितलं, की तिने मला अडवलं होतं आणि मी ऐकलं नाही. तिचे वडील दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले, सावधान उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, पोरीने आगाऊपणा केला असेल तर माफ करा." मला काय बोलावं सुचेना. आपल्या माणसांना आपण हेच शिकवून ठेवलंय का?

खरं तर फौजेत आपण हे शिकवत नाही. तोफेच्या ड्रिलमध्ये 'स्टॉप' हा हुकूम कोणीही देऊ शकतो. धोका दिसला तर नवा आलेला गनरसुद्धा ओरडू शकतो, आणि तो ऐकल्यावर तोफ थांबते, विचारपूस नंतर. इतकी वर्षं मी हा नियम पाळला, शिकवला. मग शाळेच्या मैदानावर तो का विसरलो? कारण तिथे मला ते खेळणं वाटलं. कारण तिथे मांडव होता, हार होते, आणि उशिरा आलेले पाहुणे होते. घाई ही वरून हुकूम होऊन येत नाही. ती आपणच मनात तयार करतो आणि वरच्याच्या नावावर टाकतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे तर नवराही मी नव्हतो, नुसता वऱ्हाडी.

क्लबचे नियम आम्ही बदलले. सुरक्षा अधिकारी विद्यार्थीच असेल आणि त्याचा 'नाही' शेवटचा, समोर कोणीही असो. मोटर, पंख, वजन, जागा यातलं काहीही बदललं तर ते नवं रॉकेट धरायचं आणि नव्याने चाचणी घ्यायची. दोन टप्प्यांचं उड्डाण फक्त पहाटे, वारा जवळजवळ नसताना. मांडवाची जागा रॉकेट बघून ठरवायची, पाहुणे बघून नाही.

पुढच्या वर्षी २८ फेब्रुवारीला मी अजून तिथेच होतो. ती मुलगी दहावीत होती, हातात लाल झेंडा घेऊन सुरक्षा अधिकारी म्हणून उभी होती. त्या सकाळी नऊलाच वारा उठला. तिने मोजला, वहीत लिहिला आणि म्हणाली, "सर, आज नाही." आवाज थोडा कापला. मी माइक घेतला आणि सांगितलं, की आज रॉकेट उडणार नाही, कारण सुरक्षा अधिकाऱ्यांनी परवानगी दिलेली नाही. पाहुण्यांनी चहा घेतला, मुलांची पोस्टर्स पाहिली आणि गेले. कोणाचं काही बिघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेसहाला आम्ही ते उडवलं. बघायला पंधरा मुलं, बाई, मी आणि तो बसचा ड्रायव्हर. सरळ वर गेलं. वरचा टप्पा मोहरीच्या शेतात मिळाला, खालचा शोधून सापडला नाही.

हे वाचणाऱ्या अनेक निवृत्त मित्रांना आता शाळांमधून प्रमुख पाहुणे म्हणून बोलावणी येतात. जरूर जा, मुलांना बरं वाटतं. पण वेळेवर जा. आणि उशीर झालाच, तर खुर्चीवर बसण्याआधी तिथल्या सगळ्यात लहान माणसाला विचारा, की आमच्यासाठी काही घाईत तर करत नाही ना? उत्तर 'हो' आलं, तर चहा मागवा आणि परत जा.